सिंगापूरहून सुटणारी क्रूझ : आदल्या दिवशी पोहोचावे की त्याच दिवशी?

राजारामपुरीकर

नमस्कार. येत्या १० ऑगस्टला सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचे आरक्षण आम्ही केले आहे. जहाज पेनांग आणि फुकेतला जाऊन १४ तारखेला सकाळी परत सिंगापूरला लागते. आम्ही चौघे आहोत : मी, पत्नी, माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, आणि दाजी. आक्कांचे वय ७१ असून मागील वर्षी त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. चौघांपैकी कोणीही यापूर्वी मोठ्या जहाजाने प्रवास केलेला नाही. आक्का एकदा एलिफंटाला गेल्या होत्या, तेवढाच काय तो समुद्राचा अनुभव.

क्रूझचे पैसे भरून झाले, पण कोल्हापूरहून त्या जहाजापर्यंत जायचे कसे हे अजून ठरलेले नाही. माझा बेत असा आहे, की ९ तारखेला सकाळी आठ वाजता येथून गाडीने निघावे, सायंकाळपर्यंत मुंबई गाठावी, रात्री पावणेबाराच्या थेट विमानात बसावे आणि १० तारखेला सकाळी पावणेआठच्या सुमारास सिंगापूरला उतरावे. जहाज सायंकाळी पाच वाजता सुटते आणि चेक-इन साडेतीनला बंद होते, असे कंपनीच्या पत्रात लिहिले आहे. म्हणजे सात-पावणेआठ तास हातात राहतात. मला ते पुरेसे वाटतात. मुलगा मात्र म्हणतो, की एक दिवस आधी जा. आदल्या दिवशी जायचे तर सिंगापूरला दोन खोल्यांचे एका रात्रीचे भाडे अंगावर पडते आणि तेथील हॉटेलांचे दर पाहून दाजींनी हिशेबाची वहीच मिटून ठेवली आहे.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. आदल्या दिवशी जाणे खरोखर गरजेचे आहे काय? आणि जायचेच झाले, तर मुक्काम विमानतळाजवळ करावा, बंदराजवळ करावा की शहरात?

मंगळवार पेठ

मी आणि माझे दोन मित्र तीन वर्षांपूर्वी नेमके आपण म्हणता तसेच गेलो होतो. सकाळी उतरलो, विमानतळावरच तोंड धुतले, नाश्ता केला आणि दुपारी एक वाजता जहाजावर होतो. काहीही अडचण आली नाही. एक दिवस जादा काढायचाच असेल, तर तो मुंबईत काढावा. बहुतेकांचे कोणी ना कोणी डोंबिवलीला किंवा ठाण्याला असतेच. ८ तारखेला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालात, तर ९ ला सकाळी मुंबईत पोहोचाल आणि दिवसभर विश्रांती घेऊन रात्री ताजेतवाने विमानात बसाल. हॉटेलचे पैसे वाचतील आणि रस्त्याची धास्तीही राहणार नाही.

पंचगंगाकाठ

वरील सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला, तरी त्यातील एका मुद्द्याशी मी अजिबात सहमत नाही आणि त्याला कारण आमचा स्वतःचा अनुभव आहे.

मुंबईत घालवलेला जादा दिवस फक्त कोल्हापूर ते मुंबई या टप्प्याची काळजी घेतो. रस्ता बंद पडला, गाडी उशिरा आली, घाटात वाहतूक तुंबली, तर तो दिवस उपयोगी पडतो. परंतु विमानच रात्रभर धावपट्टीवर उभे राहिले, ऐनवेळी रद्द झाले किंवा उतरल्यावर सामान आले नाही, तर मुंबईत घेतलेली विश्रांती काय कामाची? मोकळा दिवस नेहमी शेवटच्या टप्प्याच्या पुढे, म्हणजे बंदराच्या गावात ठेवावा. तो तिथे ठेवला, की मागे कोठेही खोळंबा झाला तरी त्याच एका दिवसातून भरून निघतो.

आम्ही दोघे २०२३ साली रोमच्या क्रूझला गेलो होतो. तिकिटावर 'रोम' असे ठळक छापले होते आणि कंसात 'चिविटावेक्किया'. ते रोमच्या एखाद्या उपनगराचे नाव असावे, असा आमचा समज झाला. प्रत्यक्षात ते बंदर रोमपासून साधारण ८० किलोमीटरवर आहे आणि मुख्य स्थानकातून तिथे पोहोचायला साध्या रेल्वेने तासाहून अधिक वेळ लागतो. (आपले सिंगापूरचे बंदर शहरातच आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.) भरीस भर म्हणून आम्ही मुंबई ते आखात आणि आखात ते रोम अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढली होती, कारण तशी ती दोघांत मिळून अकरा-बारा हजारांनी स्वस्त पडत होती. पहिले विमान चार तास उशिरा सुटले आणि दुसरे आमच्यावाचून निघून गेले. दुसऱ्या कंपनीच्या माणसाने शांतपणे सांगितले, की तुमचे पहिले विमान उशिरा आले याच्याशी आमचा संबंध नाही, नवे तिकीट घ्या. एकाच आरक्षणावर दोन्ही विमाने असती, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी त्यांची राहिली असती. अकरा हजार वाचवण्याच्या नादात किती गेले, ते सौ. अजूनही पाहुण्यांना सांगते.

रोमला उतरलो तेव्हा जहाज सुटून दोन तास झाले होते. विमानासाठी निदान नावाचा पुकारा तरी होतो. जहाजाच्या प्रवासी यादीचे दार एकदा मिटले, की दोन माणसांसाठी ते कोणी उघडत नाही, कारण बंदरातून बाहेर पडण्याची वेळ, वाटाड्या आणि पुढच्या बंदरातला धक्का हे सगळे आधीच ठरलेले असते. पुढचा थांबा नेपल्स असल्यामुळे आम्ही वाचलो. जहाज कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करून परवानगी घेतली, रेल्वेने नेपल्सला गेलो आणि दुसऱ्या दिवशी तिथे चढलो. देश तोच असल्याने व्हिसाचा प्रश्न आला नाही. आपला पुढचा थांबा पेनांग, म्हणजे मलेशिया. जहाज चुकले तर नवे विमान, नवा देश आणि त्याचे प्रवेशाचे नियम हे सगळे अगदी थोड्या वेळात जुळवावे लागेल, तेही आक्कांना बरोबर घेऊन.

प्रवास विमा घेताना 'विमान उशीर' या शीर्षकावर समाधान मानू नका. किती तासांच्या उशिरानंतर भरपाई मिळते आणि उशिरामुळे जहाज चुकले तर क्रूझचे बुडालेले पैसे त्यात धरले आहेत काय, ही दोन कलमे शोधून वाचा. आमच्या विम्यातून चहापाण्याचे पैसे तेवढे मिळाले.

सेरंगूनची सून

काका, मी मूळची इचलकरंजीची, गेली अकरा वर्षे सिंगापुरात आहे. माहेरची आणि सासरची मिळून पाच-सहा मंडळी येथून क्रूझला गेली आहेत, त्यामुळे मुक्कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी तारीख. ९ ऑगस्ट हा सिंगापूरचा राष्ट्रीय दिन आहे. १९६५ साली याच दिवशी सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले. त्या दिवशी बहुतेक वर्षी मरीना बेच्या परिसरात संचलन आणि रात्री आतषबाजी असते, दुपारपासून आसपासचे बरेच रस्ते वाहनांना बंद करतात आणि खाडी दिसणाऱ्या हॉटेलांचे दर त्या दोन-तीन रात्री कडाडलेले असतात. दाजींनी वही मिटली ती बहुधा हेच दर पाहून. तेव्हा 'बंदराजवळचे हॉटेल' हा विचार या तारखेपुरता तरी सोडून द्या.

विमानतळाजवळ राहण्यातही मला अर्थ दिसत नाही. पहाटेचे विमान पकडायचे असेल, तर चांगी विमानतळाजवळची खोली सोयीची, परंतु आपल्याला विमान नव्हे, जहाज पकडायचे आहे. चांगी ते बंदर हे अंतर वीसेक किलोमीटरचे आहे आणि शहर या दोहोंच्या वाटेवरच लागते. लिटल इंडिया, फेरर पार्क किंवा लॅव्हेंडर या भागांत राहावे. सेरंगून रोडवर पायाखालच्या अंतरावर शाकाहारी जेवण मिळते. कोमला विलास तर १९४७ पासून तिथे आहे. आक्कांना सकाळी इडली आणि चहा मिळाला, म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखे आहे.

मात्र खोली ठरवताना दोन गोष्टी विचारून घ्या. या भागातील अनेक छोटी हॉटेले जुन्या दुकानघरांत थाटलेली आहेत, समोरून रंगीत आणि देखणी, पण काहींना लिफ्ट नसते आणि जिना असा अरुंद नि उभा असतो, की बॅग पुढे धरावी की पाठीशी हेच कळत नाही. दुसरे म्हणजे स्वस्त खोल्यांना बऱ्याचदा खिडकी नसते. संकेतस्थळावर ते लिहिलेले असते, पण बारीक अक्षरांत. माझ्या सासूबाई अशा खोलीत एक रात्र राहिल्या आणि सकाळचे दहा वाजले तरी उजाडले नाही म्हणून पडून राहिल्या. आणखी एक : येथील खोल्या लहान असतात, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. चौघांत एकच खोली घेण्याचा विचार असेल, तर तो करू नका.

रात्रीच्या विमानाने सकाळी उतरलात, तरी खोली दुपारी दोन-तीनपर्यंत मिळत नाही. सामान मात्र हॉटेलवाले ठेवून घेतात. आक्कांना रात्रभर बसून आल्यावर लगेच आडवे व्हायचे असेल, तर लवकर खोली मिळण्याबद्दल आधीच पत्र लिहून विचारा, काही ठिकाणी थोडे जादा पैसे घेऊन देतात.

आता बंदर. सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत, एक हार्बरफ्रंटला आणि दुसरे मरीना साउथला, २०१२ मध्ये सुरू झालेले मरीना बे क्रूझ सेंटर. दोन्हींत काही किलोमीटरचे अंतर आहे. माझा मावसभाऊ थाटात हार्बरफ्रंटला जाऊन उभा राहिला होता आणि त्याचे जहाज मरीना साउथला होते. आपल्या बोर्डिंगच्या कागदावर कोणते नाव आहे ते पाहा आणि टॅक्सीवाल्याला तोच कागद दाखवा. हार्बरफ्रंट असेल, तर लिटल इंडियाहून मेट्रोची जांभळी मार्गिका गाडी न बदलता थेट तिथेच जाते. मरीना बे सेंटर असेल, तर धोबी घाट स्थानकावर उतरून लाल मार्गिकेने मरीना साउथ पिअर या शेवटच्या स्थानकापर्यंत जावे लागते. होय, स्थानकाचे नाव खरोखरच धोबी घाट आहे. तिथे गाडी बदलताना सरकते जिने आणि चालणे बरेच आहे, म्हणून आक्कांसाठी टॅक्सीच करा. साध्या टॅक्सीत चार माणसे बसतात, पण चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा मावत नाहीत. सहा आसनी गाडी मागवावी.

व्हिसाबद्दलही लिहिते, कारण क्रूझवाल्यांची सर्वांत जास्त फसगत तिथे होते. जहाज १४ तारखेला परत येईल, तेव्हा आपण सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करत असता. हातातील ई-व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा छापलेली आहे ना, हे घरीच तपासा. अर्ज अधिकृत एजंटामार्फत करायचा असतो आणि तो पोहोचण्याच्या तारखेपूर्वी ३० दिवसांच्या आत करतात, म्हणजे आपल्या बाबतीत १० जुलैच्या आसपास. त्याशिवाय एसजी अरायव्हल कार्ड नावाचा अर्ज प्रत्येक प्रवेशापूर्वी तीन दिवसांत ऑनलाइन भरावा लागतो. तो पूर्णपणे मोफत असून पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. जहाजावरून परतताना तो पुन्हा भरायचा आहे, आणि भर समुद्रात इंटरनेट महाग असते, एवढे लक्षात असू द्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली हवी, हे आपल्याला ठाऊक असेलच.

दाजींना तंबाखूची सवय असेल, तर चंची घरी ठेवून यावे. चघळण्याची तंबाखू येथे आणण्यास मनाई आहे. खसखशीलाही मनाई आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. हे बहुतेकांना खरे वाटत नाही.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. सेरंगूनच्या ताईंचे उत्तर चौघांना मोठ्याने वाचून दाखवले. राष्ट्रीय दिनाची गोष्ट आमच्या ध्यानीमनीही नव्हती. बोर्डिंगचा कागद काढून पाहिला, टर्मिनल मरीना बे क्रूझ सेंटर आहे.

आता बेत बदलून असा केला आहे : ८ तारखेच्या रात्रीचे विमान, ९ ला सकाळी सिंगापूर, एक रात्र फेरर पार्कजवळ आणि १० ला दुपारी बंदर. त्यासाठी ८ तारखेला सकाळी कोल्हापूरहून निघावे असे म्हणतो. विमानाला पंधरा तास असताना निघालो, तर मुंबईसाठी ते पुरेसे व्हावेत ना?

शिरोली नाका

पुरेसे होतील, जर रस्ता चालू असेल तर. साहेब, आपण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याविषयी बोलत आहात आणि आतापर्यंत एकानेही पंचगंगेचे नाव काढले नाही, याचेच मला नवल वाटते. त्यातून एकाने तर नावच 'पंचगंगाकाठ' घेतले आहे!

माझा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. २०१९ साली नेमक्या याच आठवड्यात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि माझ्या दोन गाड्या किणी टोलनाक्याच्या अलीकडे अडकून पडल्या. चालक तिथेच भात शिजवून खात होते. मिरजेकडे जाणारी रेल्वेही त्या वेळी बंद होती, म्हणजे महालक्ष्मीचा पर्यायही गेला. दक्षिणेकडे उतरून बेळगावहून विमान पकडावे म्हटले, तर निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी रस्त्यावर येते. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. अशा वेळी गावातून बाहेर पडायला चारही दिशा बंद असतात आणि विमान मात्र वेळेवर सुटते, कारण मुंबईत ऊनही पडलेले असू शकते.

म्हणून तारखेवर नव्हे, फुटांवर निघा. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे आकडे आपल्याला पाठच असतील, पण ५ तारखेपासून सकाळ-संध्याकाळ ते पाहत जा आणि राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांवरही लक्ष ठेवा. पाणी पस्तीस फुटांवर जाऊन चढत असेल आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असेल, तर बॅगा भरलेल्या असोत वा नसोत, त्याच दिवशी पुण्याकडे सरका. पुण्यात कोणाकडे तरी दोन रात्री काढाव्या लागल्या तरी चालतील. वर मंगळवार पेठकरांनी मुंबईत थांबण्याविषयी जे लिहिले, ते या एका कारणासाठी बरोबर आहे. पंचगंगाकाठ म्हणतात तसा सिंगापूरचा दिवस हवाच, पण आपल्याला पावसाळ्यात दोन्हीकडे मोकळीक ठेवावी लागते.

नदी शांत असली, तरी ८ तारखेला सकाळी निघू नका, ७ ला निघा. पुणे रस्त्याचे सहापदरीकरणाचे काम आणि वळणरस्ते पाहता सध्या वेळेचा भरवसा देता येत नाही, हे रोज गाड्या पाठवणारा माणूस सांगतो आहे. रेल्वेने जाणार असाल, तर ७ च्या रात्रीची महालक्ष्मी धरा. सीएसएमटीहून आता भुयारी मेट्रोने थेट विमानतळाच्या टी-२ पर्यंत जाता येते, पावसात टॅक्सीत अडकून बसण्यापेक्षा ते बरे.

पंचगंगाकाठ

शिरोली नाका यांचे म्हणणे मान्य. मी नदीकाठी राहतो, पण आम्ही रोमला गेलो मे महिन्यात, त्यामुळे पुराचा विचार डोक्यात आला नाही.

राजारामपुरीकर, आणखी दोन गोष्टी. आक्कांसाठी व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे आणि जहाज कंपनीकडे स्वतंत्रपणे आणि आधीच नोंदवा, एकीकडे नोंदवली म्हणून दुसरीकडे कळत नाही. आणि १४ तारखेचे परतीचे विमान दुपारी दोनच्या आधीचे घेऊ नका. जहाज सकाळी धक्क्याला लागते खरे, पण हजारो माणसे टप्प्याटप्प्याने उतरतात, सामान शोधायचे असते, पुन्हा इमिग्रेशन असते. औषधे, चष्मे आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. जहाजावर चढतानाही मोठी बॅग खाली काढून घेतात आणि ती खोलीच्या दाराशी यायला कधीकधी सायंकाळ होते.

राजारामपुरीकर

ठरले. ७ तारखेची महालक्ष्मी, ८ चा दिवस ठाण्याला भाचीकडे, रात्री विमान आणि ९ ला सिंगापूर. विमानाची जाण्यायेण्याची तिकिटे आज एकाच आरक्षणावर काढली, परतीचे विमान रात्री आठचे आहे. फेरर पार्कजवळच्या एका हॉटेलला लिफ्ट आणि खिडकी या दोन्हींबद्दल पत्र लिहून विचारले, दोन्ही असल्याचे उत्तर आले. दाजींनी वही पुन्हा उघडली आहे. चंची सोडण्याबद्दल मात्र ते अजून काही बोललेले नाहीत.

आक्कांचा वेगळाच प्रश्न उभा राहिला आहे. यंदाची तिखटाची चटणी एप्रिलमध्येच डंकावरून, म्हणजे मसाला कांडण्याच्या यंत्रावरून, कांडून आणलेली आहे आणि त्यात नेहमीप्रमाणे खसखस भाजून घातलेली आहे. ती नेता येणार नाही हे कळल्यावर त्या तासभर गप्प होत्या. आता पाव किलो मिरच्या आणून बिनखसखशीची वेगळी चटणी करायची असे त्यांनी ठरवले आहे आणि एवढ्याशा चटणीसाठी डंक चालू करायला डंकवाला तयार होईल काय, याची चौकशी करायला मला उद्या सकाळी पाठवणार आहेत.